धाब्यावरचे डबे, त्यातली माती आणि गोठ्यातली बाई

मी झुंबरबाई, भ्रतार मयत भुजंगराव, कौम कुणबी, उमर अदमासे साठ, राहणार मौजे पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, जिल्हा औरंगाबाद, मुलूख निजाम सरकार, हा कागद कोणाच्या दाबाखाली न येता, माझ्या मर्जीने लिहवून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नाही असे माझा हलकट दीर रखमाजी गावभर सांगत फिरतो, म्हणून हे वाक्य दोनदा लिहायला सांगितले. माझे डोके ठिकाणावर आहे. जवळचे अंधुक दिसते, डाव्या पायाला बाक आहे आणि छातीत कफ आहे, एवढेच.

मला लिहिता येत नाही. लिहिणारे रामकिसन मास्तर, मराठी शाळेचे. मी सांगेन ते जसेच्या तसे लिहायचे असे ठरले आहे. मघाशी मी दिराला हलकट म्हटले तर मास्तरांनी 'ज्यांच्याशी आमचे जमत नाही असे' लिहून ठेवले होते. वाचून घेतले तेव्हा कळले. ते खोडून हलकट लिहवले आहे. मास्तर भले गृहस्थ आहेत, पण भल्या माणसांनी कागद मऊ लिहिले म्हणूनच हलकटांचे फावते.

हा कागद आजच का, ते सांगते. पंधरा दिवसांमागे मी आत खाटेवर खोकत पडले असताना रखमाजी अंगणात आला आणि पावले टाकून गोठ्याचे माप घेऊन गेला. सोबतच्या माणसाला मोठ्याने म्हणाला, "वहिनीचं काय आता, आज हाय उद्या न्हाई. मंग गोठा मोकळा करायचा अन् माझी बैलं हितं बांधायची." मला ऐकू यावे म्हणूनच तो मोठ्याने बोलला. त्या गोठ्यात एकोणीस वर्षांपासून पुष्पाबाई राहते. ती शेण काढत तिथेच उभी होती. तिने कुठे जायचे ते त्याने सांगितले नाही, आणि तिच्याकडे वळून बघितलेही नाही.

मी भोकरदनच्या वकिलाला विचारून आले आहे. तो म्हणाला, हे घर तुमच्या नवऱ्याने स्वतःच्या कमाईने वेगळे बांधले, ते तुमच्या हयातीपुरते तुमचे. मूलबाळ नाही, तर तुमच्यामागे ते दिराचे. तुम्ही अंगठा करून ते कोणाला देऊ शकत नाही. तुमचे स्वतःचे म्हणून जे असेल तेवढेच तुम्हाला वाटता येईल. माझे स्वतःचे म्हणजे धाब्यावरचे, घराच्या सपाट मातीच्या छतावरचे, माळवे, म्हणजे भाजीपाला, आणि तो ज्यात लावला ते डबे. घराबद्दल एकच वाट वकिलाने दाखवली आहे, ती कलम सहामध्ये सांगेन. ते सांगायला जड आहे. आधी हलके सांगते.

कलम पहिले: डबे वगैरे. धाब्यावर आजमितीस घासलेटचे सव्वीस डबे आहेत. त्याखेरीज जुन्या मोटेच्या कातड्याचे दोन तुकडे, त्यांत भोपळा लावते कारण कातडे ओल धरून ठेवते. गळा फुटलेल्या घागरी पाच. बूड गेलेली कणगी एक, आतून शेणमातीने लिंपलेली, तिच्यात वांगी. फुटके उखळ एक, त्यात मिरची. हे सर्व पुष्पाबाईला द्यावे. उन्हाळ्यात डब्यांना बाहेरून ओले गोणपाट गुंडाळावे लागते, नाहीतर पत्रा तापून मुळ्या शिजतात. हे तिला सांगायची गरज नाही. का नाही ते पुढे येईल.

विलायतेतली लढाई सुरू झाल्यापासून रिकामा डबा मिळेनासा झाला आहे. तेव्हापासून रखमाजीचे दोनदा निरोप आले की वहिनी, डबे उतरवा, ओझ्याने धाबे बसेल. एकोणीस वर्षे धाबे बसले नाही. डब्याला गिऱ्हाईक आले तसे ते बसायला लागले.

यातला एक डबा, अंबाडीचा, सुगराबीला द्यावा. फुटके डबे सांधणारा फकरोद्दीन, त्याची ही बायको. फकरोद्दीनने आजवर माझ्या भाजीच्या बदल्यात किती डब्यांना ठिगळे लावली त्याची गिनती नाही. पहिल्यांदा मी त्याच्याकडे बिनबुडाचा डबा घेऊन गेले तेव्हा तो म्हणाला होता, "बाई, याला बूड न्हाई, झाकण न्हाई. बिलकुल कामाचा न्हाई. तुम्ही याचं करता काय?" मी म्हणाले, "शेत करते." तो हसला नाही. त्याने बूड बसवून दिले. ज्या गावात सगळे हसले तिथे एक माणूस हसला नाही, हे मी विसरलेली नाही.

कलम दुसरे: पहिला डबा. हा वरच्या सव्वीसांत धरू नये. त्याच्या एका अंगाला चेमटा आहे आणि बुडाला मी खिळ्याने पाडलेली नऊ भोके आहेत. माझा नवरा गेला त्या महिन्यात रखमाजीने मला शब्द दिला होता की विहिरीजवळचा माळव्याचा तुकडा, जिथे आम्ही वांगी-मिरची करत असू, तो वहिनीच्या नावे करून देतो. शब्द फुकट दिला नव्हता. माझ्याकडून एक काम करून घेतले होते, तेही कलम सहात येईल. काम झाल्यावर मी तुकडा मागायला गेले. तो खळ्यावर होता, भोवती चार माणसे. म्हणाला, "वहिनी, बाईमाणसाला जमीन कशाला? माळवं तर डब्यात बी येतं. डबा देतो पाठवून." माणसे पोट धरून हसली. संध्याकाळी खरेच गड्याच्या डोक्यावर घासलेटचा रिकामा डबा आला.

मी तो लाथेने अंगणात उडवला. चेमटा त्या लाथेचा आहे. दुसऱ्या दिवशी उचलून आणला, भोके पाडली, तळाला खापरे घातली, तळ्यातला गाळ आणि शेजारच्या शेळ्यांचे लेंडीखत भरले आणि मेथी टाकली. भूक होती म्हणून नव्हे. त्याचे तोंड बंद करायचे होते. तोंड बंद झाले नाही, पण मेथी आली.

हा डबा रिकामा करून, राखेने घासून, रखमाजीला परत करावा. आत मातीचा कण राहू नये. गड्याच्या डोक्यावर पाठवावा आणि तो खळ्यावर असताना, भोवती चार माणसे बघून पाठवावा.

कलम तिसरे: माती. सगळ्या डब्यांतली माती माझी आहे. वकिलाला मी हे मुद्दाम विचारले, तेव्हा तो बराच वेळ टोपी काढून डोके खाजवत बसला आणि मग म्हणाला की बाई, तुमचीच म्हणायची. तिच्यातली एकही टोपली रखमाजीच्या रानातली नाही. तळे आटले की गाळ मी डोक्यावर आणला, शिडीने वर चढवला. दर वर्षी राख, लेंडी, पालापाचोळा घातला. पहिल्या वर्षी ती बोटाला चिकटायची, आता मुठीत धरली तर मोकळी होते. कलम सहा कोणी मानले नाही आणि पुष्पाबाईला घराबाहेर काढले, तर शेजारी कडूबाने त्याच दिवशी ही माती गाडीत भरून ती जाईल तिथे पोचती करावी. माझे दिवस घालायचे राहिले तरी चालतील, माती राहता कामा नये.

कलम चौथे: बी. राखेत घालून दुध्यांच्या टरफलांत ठेवले आहे. दोडका, घेवडा, चुका, शेपू, लांब वांगे, तिखट मिरची. गावातली जी बाई मागेल तिला मूठभर द्यावे. रखमाजीची बायको तुळजाबाई हिने मागे माझ्या नकळत दोडक्याचे बी नेले होते. ते उगवले नाही, कारण तिने कोवळ्या दोडक्याचे नेले. मला आनंद झाला होता, आजही होतो. तरी तिला पक्के बी द्यावे. त्या घरात तिचे काय चालते ते मला ठाऊक आहे. नवऱ्याला सांगू नको म्हणावे.

कलम पाचवे: पाणी. हे वाटायचे कलम नाही, पण मला ते सांगायचे आहे आणि कागद माझा आहे.

मी वर धाब्यावर डबे मांडले त्याच्या पुढच्याच वर्षी पुष्पाबाईने खाली गोठ्यापुढे फुटक्या घागरीत मिरची लावली. मला वाटले माझी नक्कल करते. अंगाचा भडका उडाला. आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. धाब्याच्या पन्हाळीचे पाणी तिच्या घागरींवर पडायचे, म्हणून मी पन्हाळीत चिंध्यांचा बोळा कोंबला. मग पाणी वर साचून माझ्याच खाटेवर गळायला लागले. दोन पावसाळे मी खाट इकडून तिकडे सरकवली, पण बोळा काढला नाही. ती भांडायला आली नाही. खरकट्या पाण्यावर तिने मिरची जगवली. मी वरून बघायची आणि जळायची.

चार वर्षांमागे चैत्रात मी शिडीवरून पडले आणि पाय मोडला. कडूबाने कामट्या बांधल्या. अडीच महिने खाटेवरून उठता आले नाही. चैत्र-वैशाखात डब्याला एक दिवस पाणी चुकले तर झाड मान टाकते. मी रोज खाटेवर पडून हिशेब करी, आज मेथी गेली, आज चुका गेला, आज भोपळा गेला. सगळे गेले असे धरून मी रडून मोकळी झाले होते. मृगाच्या तोंडावर काठी टेकत वर चढले. एकही डबा वाळला नव्हता. गोणपाट ओले होते. वांग्यांना कीड लागू नये म्हणून राख टाकलेली होती. पक्के दोडके बियासाठी काढून ओळीने वाळत घातले होते. एक पानसुद्धा कोणी स्वतःसाठी तोडले नव्हते.

मला उपकार मानता आले नाहीत. संताप आला. मी वरूनच ओरडले, "कोणी सांगितलं व्हतं तुला माझ्या डब्यात पाणी घालाया?"

ती खाली भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "कोणी न्हाई. तहानलेलं झाड बघवत न्हाई मला. तुमच्या तोंडाकडं बघून न्हाई घातलं."

पंधरा वर्षांतले आमचे ते पहिले बोलणे. त्या दिवशी मी बोळा काढला. पण तिला काही म्हणाले नाही.

कलम सहावे: घर. आता सांगते. मास्तर, इथे काही मऊ करायचे नाही.

एकोणीस वर्षांमागे रेणुकाईच्या देवळापुढे, पंचांसमोर, बेलभंडारा उचलून मी जे सांगितले ते खोटे होते.

माझ्या पोटी काही नव्हते, म्हणून माझ्या नवऱ्याने धावडा गावची विधवा पुष्पाबाई हिच्याशी पाट लावला, म्हणजे आमच्या रीतीने तिच्याशी दुसरे लग्न केले. पाट उजेडी लागत नाही आणि सवाष्णीने तो बघायचा नसतो. त्यामुळे समोर माणसे थोडीच होती. पुष्पाबाईचा मामा, तो पुढे सहा महिन्यांत वारला. आणि रखमाजी, जो विडा खाऊन, आहेराचे पागोटे घेऊन गेला. आणि दाराआड मी. हिरवे लुगडे मीच दिले होते. नारळ मीच काढून दिला होता. कोणी बळजबरी केली नव्हती. मीच हो म्हटले होते आणि हो म्हटल्याचा राग माझा मलाच आवरत नव्हता.

वर्षाच्या आत नवरा तापाने गेला. पुष्पाबाई तेव्हा दोन जिवांची होती. मुलगा झाला असता तर निम्मी जमीन त्याची झाली असती. हे रखमाजीला कळत होते. तो पंचांना म्हणाला, पाट लागलाच नाही. मग पंचांनी मला विचारले, कारण घरातली मी. मी भंडारा उचलला आणि म्हणाले, "पाट-बीट काई न्हाई. ती बाई कापूस वेचाया आल्ती, तशीच राह्यली."

पुष्पाबाई समोर बसली होती. ती रडली नाही की मला खोटे म्हणाली नाही. नुसती बघत राहिली. पंचांनी तिला गाव सोडायला सांगितले. धावड्याला भावाने दारात उभे केले नाही. ती परत आली आणि आमच्या गोठ्यात जाऊन बसली. मी तिला हाकलले नाही हे कोणी माझे पुण्य म्हणून सांगू नये. हाकलायला तिच्यासमोर उभे राहावे लागले असते.

लोक म्हणतील म्हातारीने माळव्याच्या तुकड्यासाठी खोटी शपथ घेतली. तुकडा हे निमित्त होते. तिच्या पोटात होते आणि माझ्या पोटात नव्हते, म्हणून मी खोटे बोलले. रखमाजी हलकट आहेच, पण त्याला हवे ते शब्द माझ्या तोंडात आधीपासून तयार होते.

सबब मी जाहीर करते की पुष्पाबाई ही मयत भुजंगरावांची रीतसर पाट लावलेली बायको आहे. ती माझी सवत आहे. नवऱ्याची एक बायको जिवंत असेतो त्याचे घर दिराकडे जात नाही, असे वकील म्हणतो. म्हणून माझ्यामागे घर, गोठा, अंगण, धाबे, शिडीसकट सगळे तिचे. रखमाजीला हे खोटे वाटत असेल तर त्याने रेणुकाईपुढे यावे आणि मी उचलला तसा भंडारा उचलावा.

आणि हा कागद मी मेल्यावर उघडायचा नाही. मेलेल्या बाईला कोणी उलट विचारू शकत नाही, आणि तिच्या नावावर कोणी काहीही खपवतो. येत्या बाजारच्या दिवशी मला बाजेसकट चावडीवर न्यावे आणि कागद मोठ्याने वाचावा. ज्याला थुंकायचे असेल त्याने तेव्हाच थुंकावे. मी तिथेच असेन.

पुरवणी. वरचा कागद मास्तरांनी आज साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. पुष्पाबाईला मुद्दाम बोलावले होते. ती उंबऱ्याशी बसून शेपू निवडत होती. वाचून झाल्यावर मास्तरांनी विचारले, "समजलं का, पुष्पाबाई? घर तुमचं."

ती म्हणाली, "समजलं. पर येक ऱ्हायलं."

"काय राहिलं?"

"'दोन जिवांची व्हती' असं लिवलं. मंग दुसऱ्या जिवाचं काय झालं ते न्हाई लिवलं."

मी म्हणाले, हा घराचा कागद आहे, त्याचा यात काय संबंध. माझा आवाज चढला. ती शेपू खाली ठेवून म्हणाली, "घर नका देऊ. ते लिवा." मास्तरांचा टाक थांबला होता. मी त्यांना म्हणाले, लिहा.

मुलगी झाली. आषाढात, गोठ्यात, एकटीने. गावातली एकही बाई गेली नाही, कारण मी जात नव्हते. मुलगी अकरा महिने जगली. ती अंगणात रांगायची ते मी धाब्यावरून बघत असे. पुढच्या ज्येष्ठात तिला ताप भरला. पुष्पाबाई तिला खांद्यावर टाकून माझ्या दाराशी आली आणि म्हणाली, "बाई, कडूबाला गाडी जुपाया सांगा, तुमचं ऐकंल तो." मी आत होते. मी कडी काढली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी गेली. चावडीच्या दप्तरात तिची नोंद आहे, पण बापाच्या नावाची जागा माझ्या शपथेमुळे कोरी आहे. ती या कागदाने भरावी: रेणुका, बाप भुजंगराव, आई पुष्पाबाई, उमर अकरा महिने.

मास्तरांनी विचारले, त्यापुढे तुमचे नाते लिहू का, थोरली आई म्हणून. मी लिहा म्हणणार होते.

पुष्पाबाई म्हणाली, "ते नका लिवू."

तिचे बराबर आहे. मास्तरांनी ते लिहिले नाही.

येणेप्रमाणे सर्व वाचून घेतले, मान्य आहे, खोडाखोड दिसते ती माझ्या सांगण्यावरून.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: झुंबरबाई भ्रतार मयत भुजंगराव

साक्षीदार:
१. कडूबा, शेजारी, निशाणी नांगर
२. फकरोद्दीन, डबे सांधणार, सही उर्दूत

हस्ताक्षर: रामकिसन मास्तर, मराठी शाळा

मुक्काम मौजे पिंपळगाव रेणुकाई, मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शके १८६५, माहे बहमन सन १३५३ फसली.